दुसरं व्हीएमसी घ्यायच्या आधी तासाचा हिशोब

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भोसरीत भाड्याचा गाळा, दोन सीएनसी टर्निंग, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन), पाच माणसं, आठ वर्षं झाली. महिन्याचं बिलिंग पावणेतीन लाख, सगळं जॉबवर्क, माल ग्राहकाचा. त्यातलं ८० टक्के काम एकाच ग्राहकाचं आणि पैसे ९० दिवसांनी येतात. आता तोच ग्राहक महिन्याला सव्वा लाखाचं काम आणखी देतो म्हणतोय, पण सगळ्या पार्टच्या दरात ६ टक्के कमी करा म्हणतोय. त्यासाठी २८ लाखांचं दुसरं व्हीएमसी कर्जावर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी लिहिलंय, "काम भरपूर आहे, पण हातात काही राहत नाही."

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. काम भरपूर असून हातात काही राहत नसेल, तर काम वाढवल्यावर राहायला लागेल असं आपण गृहीत धरतो. मीही धरलं होतं. १९९९ मध्ये एका जुन्या लेथवर सुरुवात केली. आज सात मशीन आणि चौदा माणसं आहेत. मधल्या काळात शॉप दोनदा बंद पडायच्या काठावर गेलं होतं, आणि त्या दोन्ही वेळांच्या आधी काम भरपूर होतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला माहीत नाहीत. घरात दुसरं उत्पन्न आहे का, गाळ्याचा करार किती वर्षांचा आहे, आधीच्या मशीनचे हप्ते संपलेत का, तुमचे पार्ट नेमके कशात जातात. यातलं एखादं उत्तर वेगळं निघालं तर माझा सल्लाही बदलेल. म्हणून नुसतं हो-नाही सांगण्यापेक्षा मी हिशोब कसा करतो ते सांगतो. आकडे माझ्या शॉपच्या अंदाजाचे आहेत, तिथे तुमचे घाला.

आपण पार्ट विकतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण मशीनचे तास विकतो. तेव्हा पहिला प्रश्न, तो तास आपल्याला केवढ्याला पडतो? २८ लाखांचं मशीन आठ वर्षांनी विकलं तर ६ लाख यावेत असं मी धरतो. म्हणजे आठ वर्षांत २२ लाख झिजले, वर्षाला पावणेतीन लाख. १५ टक्के आपले घालून उरलेलं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं, तर त्या पाच वर्षांत व्याज सरासरी वर्षाला दीड लाखाच्या आसपास जातं. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर, बोनस-सुट्ट्या धरून प्रत्येकी २२ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख २८ हजार. गाळ्याच्या भाड्यातला वाटा महिन्याला ९ हजार. कापायची टूल (इन्सर्ट, एंड मिल), कूलंट, ऑइल महिन्याला १२ हजार. देखभालीला वर्षाला ६० हजार. आणि तपासणी, टेम्पो, सीए, फोन, तुमचा स्वतःचा पगार यातला या मशीनचा वाटा महिन्याला २० हजार. बेरीज वर्षाला १५ लाखांच्या थोडी वर जाते. वीज वेगळी, तासाला साधारण ६० रुपये.

आता ही रक्कम किती तासांवर वाटायची? इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. दोन पाळ्या म्हणजे १६ तास, महिन्याचे २५ दिवस, वर्षाला ४८०० तास. त्याने भागलं तर वीज धरून तास ३७५ रुपयांना पडतो. तुमचा दर तासाला ४५० आहे, म्हणजे ७५ रुपये सुटतात असं दिसतं. पण मशीन ४८०० तास कापत नसतं. सेटिंग बदलण्यात वेळ जातो, मालाची वाट बघण्यात जातो, पहिला पीस तपासण्यात जातो, ऑपरेटर गावी जातो, लाइट जाते. माझ्याकडे ६५ टक्के तास मिळाले तर मी ते वर्ष चांगलं मानतो. ६५ टक्के म्हणजे ३१२० तास. तेवढ्याने भागा, तास ५४० ला पडतो आणि तुम्ही तो ४५० ला विकताय.

मग आठ वर्षं शॉप चाललं कसं? तर मशीन झिजतंय ते पैसे तुम्ही बाजूला काढत नाही, आणि स्वतःचा पगार पूर्ण धरत नाही. त्या फरकावर शॉप चाललंय. शेतकऱ्याने पेरायला ठेवलेलं बी दळून खाल्लं तर त्या वर्षी घरात भाकरी असते. अडचण पुढच्या मृगाला कळते. आपल्या धंद्यात ती आठव्या-नवव्या वर्षी कळते. स्पिंडल वाजायला लागतं, अॅक्युरसी सुटते आणि नव्या मशीनसाठी पुन्हा कर्जच काढावं लागतं. "हातात काही राहत नाही" हे तुम्हाला आठव्या वर्षी जाणवतंय, ते यामुळेच असावं.

आता ग्राहकाचा प्रस्ताव याच फूटपट्टीने मोजू. दर ६ टक्के उतरला की ४५० चे ४२३ होतात. सव्वा लाखाचं काम काढायला महिन्याला २९५ तास लागतील. दोन पाळ्यांचे महिन्याला ४०० तास मिळतात, म्हणजे पहिल्या महिन्यापासून मशीन ७४ टक्के वेळ कापत राहायला हवं. तेवढं जमलं असं धरू. हप्ता जवळपास ५२ हजार, दोन पगार ४४ हजार, वीज पावणेअठरा हजार, टूल १२ हजार. झाले सव्वा लाख. बिलही सव्वा लाखाचं. भाडं, देखभाल, टेम्पो, तुमची मेहनत यासाठी काही उरत नाही, आणि ही गोष्ट सगळं सुरळीत चाललेल्या महिन्याची आहे.

शिवाय ते ६ टक्के नव्या कामापुरते नाहीत. "सगळ्या पार्टच्या दरात" असे शब्द तुम्हीच लिहिलेत. त्या ग्राहकाचं आजचं काम २ लाख २० हजारांचं आहे, त्याचे ६ टक्के महिन्याला १३ हजार २०० होतात. म्हणजे वर्षाला दीड लाखाहून जास्त रक्कम तुम्ही आज मिळणाऱ्या पैशातून सोडून द्याल. मोठ्या खरेदी विभागात दरवर्षी कॉस्ट डाउन, म्हणजे दरात कपात, मागायची पद्धतच आहे, त्यात त्या माणसाचा वैयक्तिक दोष नाही. पण नव्या कामाची लालूच आणि जुन्या कामाची कपात तो एकाच ईमेलमध्ये मागतो, आणि आपण फक्त नवं काम वाचतो.

तिसरी गोष्ट पैशाच्या वेळेची. नवं मशीन लागल्यावर पहिले ९० दिवस त्याचे पैसे येणार नाहीत. खर्च मात्र पहिल्या महिन्यापासून चालू. चौथ्या महिन्याच्या पगारापर्यंत पाचेक लाख खिशातून जातील, मशीनसाठी घातलेले सव्वाचार लाख वेगळे. वर जीएसटी. बिल केलं की त्यावरचा कर पुढच्या महिन्यात भरायचा असतो, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. छोट्यांना विवरणपत्र तिमाही भरायची सोय आहे, पण पैसे महिन्याच्या महिन्यालाच जातात. म्हणजे न आलेल्या पैशावर तुम्ही आधी सरकारचे पैसे भरता. मी ज्यांची शॉप बंद पडताना पाहिली, त्यातल्या बहुतेकांचा ताळेबंद नफा दाखवत होता. पगाराच्या दिवशी बँकेत पैसे नव्हते.

म्हणून या अटींवर माझं उत्तर नाही असं आहे.

पण ग्राहकाला नुसतं नाही कळवू नका. जुन्या पार्टचे दर आहेत तसे राहू देत, नव्या पार्टवर ३ टक्के देतो, फिक्स्चरचे (मशीनवर पार्ट पकडून ठेवणाऱ्या पकडीचे) पैसे आगाऊ द्या, पैसे ४५ दिवसांत द्या आणि वर्षभराची किमान संख्या पीओमध्ये, म्हणजे खरेदी ऑर्डरमध्ये लिहा, असं लेखी मागा. शेड्यूल, म्हणजे ग्राहक कळवतो तो महिन्याचा आकडा, ही ऑर्डर नाही हे तुम्हाला माहीतच आहे. महिन्याच्या मध्याला शेड्यूल निम्मं झालं तर हप्ता निम्मा होत नाही. यातल्या दोन गोष्टी जरी मिळाल्या तरी हिशोब पुन्हा मांडता येईल. एकही मिळाली नाही, तर हे काम तुमच्याकडे का आलं याचा अंदाज येईल. बहुधा आधीच्या व्हेंडरने ते सोडलं असेल.

दरम्यान आहे त्या मशीनमधून तास काढता येतात का बघा. २०११ मध्ये मीही दुसरं व्हीएमसी घ्यायला निघालो होतो. एका मित्राने सांगितलं, आधी चार आठवडे मशीनवर वही लटकव, प्रत्येक पाळीत मशीन किती वाजता थांबलं, का थांबलं, किती वाजता चालू झालं ते ऑपरेटरला लिहू दे. माझा अंदाज ८० टक्क्यांचा होता, वहीत ५४ निघाले. सगळ्यात जास्त वेळ सेटिंग बदलण्यात जात होता. एका पार्टवरून दुसऱ्यावर जायला अडीच तास लागायचे, कारण फिक्स्चर उतरवून नवं चढवून डायल लावेपर्यंत मशीन उभं असायचं. मी एक जादा बेस प्लेट करून घेतली, पुढचं फिक्स्चर बाहेरच बांधून तयार ठेवायला लागलो, टूलची उंची आधीच मोजून ठेवायला लागलो. बदल ४० मिनिटांवर आला. खर्च ६० हजारांच्या आत. ७० टक्क्यांवर गेलो तेव्हा मशीन घ्यायची गरजच दीड वर्ष पुढे गेली. वरच्याच हिशोबात ६५ चे ७५ टक्के झाले तर तास ५४० वरून ४८० ला येतो. दर वाढवून मागण्यापेक्षा हे कधीकधी सोपं असतं, कारण यात कोणाची परवानगी लागत नाही.

वही लिहिताना ऑपरेटरवर रागावू नका. मी पहिल्याच आठवड्यात रागावलो आणि पुढचे दोन आठवडे सगळ्यांनी छान छान आकडे लिहिले. ते फेकून पुन्हा सुरुवात करावी लागली.

आता ८० टक्क्यांच्या ग्राहकाबद्दल. याचा मला सगळ्यात मोठा चटका बसलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं ६५ टक्के काम दुचाकीच्या कार्ब्युरेटरच्या छोट्या शाफ्टचं होतं. ग्राहक चांगला, पैसे वेळेवर, रिजेक्शन नगण्य. बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आल्यावर बहुतेक दुचाकींना फ्युएल इंजेक्शन लागणार आणि कार्ब्युरेटर जाणार हे उघड होतं. १ एप्रिल २०२० ही तारीख काही अचानक आली नाही, सरकारने बीएस-५ गाळून थेट बीएस-६ वर जायचं २०१६ च्या जानेवारीतच जाहीर केलं होतं. माझ्या हातात चार वर्षं होती. पण शेड्यूल दर महिन्याला वाढत होतं, दोन पाळ्या भरलेल्या होत्या, आणि भरलेल्या शॉपमध्ये नवा ग्राहक शोधायला कोणी बाहेर पडत नाही. २०१९ मध्ये वाहन उद्योगाला मंदी आली तेव्हा शेड्यूल घटलं. मला वाटलं, मंदी गेली की परत येईल. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात लॉकडाऊन लागला आणि शॉप उघडलं तेव्हा तो पार्ट संपलेला होता. एक सीएनसी मिळेल त्या किमतीला विकलं. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून मी चार महिने पगार केले. ते दिवस मी विसरलेलो नाही.

त्या वर्षी मला तारलं ते पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या एका छोट्या ग्राहकाने. त्याचं काम पंधरा-वीस पीसचं, दर वेळी नवं ड्रॉइंग, सतत फोन. २०१८ मध्ये मी ते जवळपास सोडून देणार होतो. पण औषधं आणि खाण्याचे पदार्थ पॅक करायची मशीन लॉकडाऊननंतर लगेच चालू झाली. छोट्या लॉटचा दर तासाला ७०० च्या पुढे मिळतो, कारण तिथे सेटिंगचे, विचार करण्याचे आणि वेळेत देण्याचे पैसे मिळतात. आज माझा कुठलाही ग्राहक ४० टक्क्यांच्या वर नाही. पंप, व्हॉल्व्ह, पॅकेजिंग आणि थोडं वाहनाचं अशी विभागणी आहे. नवा ग्राहक जमायला वेळ लागतो, माझ्या अनुभवात पहिल्या भेटीपासून नियमित कामापर्यंत वर्ष-सव्वा वर्ष. म्हणून शॉप भरलेलं असतानाच महिन्यातून दोन दिवस यासाठी काढा. गुरुवारी आपल्याकडे सुट्टी असते, पण इतर भागांतल्या कंपन्या चालू असतात. मी गुरुवारीच बाहेर पडायचो.

तुमचे पार्ट कशात जातात हे विचारलं ते याचसाठी. इंजिनात जात असतील तर इलेक्ट्रिक गाड्यांचा विचार आजच करा. ब्रेक, सस्पेन्शन, चाकाचा भाग असेल तर तो दोन्हीकडे लागतो, तिथे तुम्हाला सवड आहे.

पैसे वसुलीचं थोडक्यात सांगतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि ती काम देण्याआधीची हवी. नसेल तर आधी ते करा, नोंदणी फुकट आहे. पण ८० टक्के काम देणाऱ्या ग्राहकाविरुद्ध उशिराच्या पैशांची सरकारी पोर्टलवर तक्रार करा असं मी सांगणार नाही. मी ते एकदाच केलं, संबंध संपल्यावर. चालू ग्राहकाशी दुसरा मार्ग जास्त उपयोगी पडतो. २०२३-२४ पासून आयकराचा नियम बदलला, मुदतीत न दिलेली अशी रक्कम ग्राहकाला खर्च म्हणून त्याच वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी दाखवावी लागते. त्यामुळे जानेवारी ते मार्चमध्ये त्यांचा अकाउंट्स विभाग आपला फोन उचलतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. माल गेला त्याच दिवशी बिल करा आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची ग्राहकाकडची नोंद, झालं की नाही हे आठवड्याच्या आत विचारा. माझ्या लक्षात आलं की माझी उशिराची निम्मी बिलं जीआरएनच न झालेली होती, पैसे अडवायचा कोणाचा हेतूच नव्हता. ग्राहकाची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर ट्रेड्सवर, म्हणजे बिलावर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, बिल घालता येतं का विचारा. तिथे ग्राहकाने बिल मान्य केलं की बँक थोडं व्याज कापून काही दिवसांत पैसे देते, आणि ग्राहकाने पुढे बुडवलं तर ती आपल्याकडे परत मागायला येत नाही.

माणसांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण सेटिंग तुम्ही स्वतः करता असं एका ओळीत आलंय. मला तिथे काळजी वाटली. २०१६ मध्ये मला डेंग्यू झाला, अठरा दिवस मी अंथरुणात होतो. मशीन चांगली होती, माल होता, ऑपरेटर हजर होते आणि तरी शॉप अर्धं बंद होतं. प्रोग्रॅम कुठला, झीरो कुठे घ्यायचा, कुठल्या इन्सर्टने शेवटचा कट मारायचा, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. बरा झाल्यावर प्रत्येक पार्टचा सेटअप कागद केला, मोबाइलने फोटो काढून, मराठीत. चाळीस पार्टचे कागद करायला पाच महिने लागले. तुमच्या पाचांपैकी ज्याला शिकायची हौस आहे त्याला सेटिंग शिकवा आणि शिकला की पगार वाढवा. शिकून तो दुसरीकडे जाईल ही भीती खरी आहे, माझ्याकडून दोघे गेले. तिसरा आज अकरा वर्षं आहे, आणि मी आज हे उत्तर लिहीत बसलोय तेव्हा शॉप तो बघतोय.

आणखी एक सवय लावा. दुसऱ्या बँकेत एक खातं उघडा, आणि ज्या दिवशी ग्राहकाचे पैसे येतील त्याच दिवशी त्यातले ८ टक्के तिकडे टाका. ते मशीनचे पैसे आहेत, घरचे नाहीत, पगाराचेही नाहीत. तीन महिन्यांचा पगार आणि भाडं होईल एवढी रक्कम जमेपर्यंत त्याला हात लावू नका, त्याच्या वरची रक्कम पुढच्या मशीनसाठी. माझं मागचं मशीन मी निम्मे पैसे रोख देऊन घेतलं, हप्ता २७ हजारांचा आला, आणि त्या हप्त्यावर मला चुकीच्या दराचं काम नाकारता आलं. पहिले सहा महिने ८ टक्के जमणार नाहीत. तुमच्या आजच्या बिलिंगमध्ये ती रक्कम बहुधा नाहीच. मग ३ टक्क्यांनी सुरुवात करा, पण खातं याच आठवड्यात उघडा.

मशीनच्या कोटेशनची मुदत महिनाअखेर संपतेय असं तुम्ही लिहिलंय. संपू द्या. डीलर नवं कोटेशन देतो, बऱ्याचदा आधीपेक्षा थोडं कमीच. तोवर मशीनवर वही लटकवा. चार आठवड्यांनी प्रत्येक पार्टचा सायकल टाइम, दर आणि वहीतले तास मला पाठवा. कुठले दोन-तीन पार्ट तुम्हाला पोसतायत आणि कुठले खातायत ते एका बैठकीत कळेल. मग त्या ग्राहकाकडे बोलायला जाताना हातात कागद असेल.